देशांतर : मुंबई ते मॉरिशस

'देशांतर' हा शब्द आपल्या शास्त्रांत दोन ठिकाणीं येतो, आणि दोन्ही ठिकाणीं त्याचा अर्थ निराळा आहे. ज्योतिषांत देशांतर म्हणजे मध्यरेषेपासून एखादें स्थळ पूर्वेस वा पश्चिमेस किती आहे तें अंतर, व त्यामुळें पडणारा वेळेचा फरक. धर्मशास्त्रांत देशांतर म्हणजे परमुलूख. तेथें असलेल्या माणसानें घरचें सुतक केव्हांपासून व किती दिवस पाळावें, हें ठरविण्यासाठीं स्मृतिकारांना त्याची व्याख्या करावी लागली. कोणी साठ योजनें म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. कोणी म्हणतो कीं मध्यें महानदी वा पर्वत आला, किंवा भाषा बदलली, कीं देशांतर झालें. आणि एका मतें तर जेथली वार्ता दहा रात्रींत कानीं येत नाहीं तें देशांतर! या शेवटच्या व्याख्येंत योजनें नाहींत, नदी नाहीं, पर्वतही नाहीं. तींत अंतर काळानें मोजलें आहे, आणि तोही माणसाच्या चालीचा काळ नसून बातमीच्या चालीचा आहे.

ही जुनी चर्चा आज नव्यानें आठवण्याचें कारण उघड आहे. ज्या घरचा एकही मुलगा, मुलगी, भाचा वा पुतण्या समुद्रापलीकडे नाहीं, अशीं कुटुंबें आपल्यांत आतां थोडींच उरलीं आहेत. माजघरांत बसलेली आजी विचारते, 'विमानाला किती तास लागतात रे?' आणि नातू तिकिटावरचा आंकडा वाचून दाखवितो. प्रश्न संपला असें दोघांनाही वाटतें. परंतु या एका प्रश्नांत तीन प्रश्न गुंतलेले आहेत : ठिकाण किती दूर आहे, विमानास किती वेळ लागतो, आणि माणसास किती वेळ लागतो. या तिहींचीं उत्तरें निरनिराळीं आहेत, व त्यांची गल्लत केल्यानें संकटाच्या वेळीं घरांत निष्कारण मनस्ताप होतो. म्हणून तिहींचा हिशेब एकदां शांतपणें करून पाहावा, हा या लेखाचा हेतु आहे.

उदाहरणादाखल मुंबई-मॉरिशस हा मार्ग घेऊं. याला दोन कारणें आहेत. एक तर या मार्गावर विमानाखालीं आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ सर्वत्र महासागरच आहे. दुसरें असें कीं मॉरिशस हें आपणांस परकें बेट नव्हे. १८३४ सालच्या नोव्हेंबरच्या २ तारखेस 'अॅटलस' नांवाच्या जहाजानें ३६ हिंदी मजूर कलकत्त्याहून तेथील पोर्ट लुई बंदरीं आणले, आणि १९२० पर्यंत जवळजवळ पांच लाख माणसें उसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं गिरमिटावर त्या बेटांत उतरलीं. त्यांपैकीं कांहीं मुंबई इलाख्यांतलीं, विशेषतः रत्नागिरीकडच्या कोंकणपट्टींतलीं होतीं. त्यांचे वंशज आज घरांत बहुशः क्रिओल भाषा बोलतात. तथापि कॅस्कावेल गांवीं त्यांचें विठ्ठल-रखुमाईचें देऊळ आहे, गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठीचे वर्ग चालतात, आणि कोंकणची जाखडी तेथें 'झाकरी' या नांवानें अजून नाचली जाते. ज्या माळशिरसांत दरवर्षीं पंढरीच्या वाटेवर ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो, तेथल्या माणसाला समुद्रापलीकडच्या या विठोबाचें अंतर मोजावेंसें वाटलें तर त्यांत नवल नाहीं.

आतां पहिला प्रश्न. मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९ अंश ५ कला व पूर्व रेखांश ७२ अंश ५२ कला येथें आहे. मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय भागीं प्लेझान्स येथें, दक्षिण अक्षांश २० अंश २६ कला व पूर्व रेखांश ५७ अंश ४१ कला या जागीं आहे. येथें विद्यार्थी हटकून अक्षांशांची वजाबाकी करतात. परंतु एक स्थळ विषुववृत्ताच्या उत्तरेस व दुसरें दक्षिणेस असल्यामुळें अक्षांशांची बेरीज करावयास पाहिजे. ती ३९ अंश ३१ कला येते. रेखांश मात्र दोन्ही पूर्वेचे, म्हणून त्यांची वजाबाकी. ती १५ अंश ११ कला. म्हणजे मुंबईहून निघालेला प्रवासी मुख्यतः दक्षिणेस व थोडासा पश्चिमेस जातो.

हीं दोन अंतरें काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा मानाव्या. शुल्बसूत्रकारांना ठाऊक असलेला व शाळेंत आपण पायथागोरसच्या नांवानें शिकलेला नियम लावला, तर ३९.५ चा वर्ग व १५.२ चा वर्ग मिळून सुमारें १,७९१ होतात, आणि त्याचें वर्गमूळ ४२.३ अंश येतें. पृथ्वीच्या पृष्ठावर एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. तेव्हां अंतर झालें सुमारें ४,७०० किलोमीटर, म्हणजे २,९०० मैलांहून किंचित् अधिक. गोलीय त्रिकोणमितीनें काटेकोर गणित केलें तरी उत्तर ४,६९६ किलोमीटर येतें. फरक अवघा दहा-बारा किलोमीटरांचा. खलाशी व वैमानिक सागरी मैल वापरतात. बृहद्वृत्ताच्या एका कलेस एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, असें तें माप आहे. त्या मापानें हें अंतर २,५३४ सागरी मैल भरतें.

परंतु सपाट कागदावरचा हा नियम येथें जुळला तो दोन्ही स्थळें विषुववृत्ताच्या दोन बाजूंस सारख्याच अंतरावर आहेत म्हणून. हाच नियम मुंबई-न्यूयॉर्कला लावून पाहावा. उत्तर सुमारें १६,५०० किलोमीटर येतें. खरें अंतर मात्र १२,५०० च्या आसपास आहे. ही चार हजार किलोमीटरांची तफावत पडण्याचें कारण असें कीं रेखांशांच्या रेषा उत्तरेकडे जातां जातां एकमेकींजवळ येतात, आणि भिंतीवरचा नकाशा त्यांना बळेंच समांतर ठेवतो. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सिद्धांतशिरोमणींत म्हटलें आहे कीं परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, म्हणून पृथ्वी गोल असूनही मनुष्याला ती सपाट भासते. नकाशा पाहतांना हा इशारा विसरूं नये. घरांत पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरावा. तो दोरा जेथून जातो तोच जवळचा मार्ग, आणि मुलांना तो मुंबईहून निघून युरोपच्याही उत्तर भागावरून न्यूयॉर्कला जातांना पाहून जो अचंबा वाटेल, तो दहा पाठांनीं वाटणार नाहीं.

दुसरा प्रश्न विमानाच्या वेळेचा. मोठें प्रवासी विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून ताशीं साडेआठशें ते नऊशें किलोमीटर वेगानें जातें. ४,७०० ला ८७० नीं भागिलें तर पांच तास चोवीस मिनिटें येतात. जमिनीवर धांवपट्टीपर्यंत सरकणें, वर चढणें, शेवटीं वेग कमी करून उतरणें, यांत अर्धा-पाऊण तास आणखी जातो. म्हणून एकंदर सुमारें सहा तास धरावे. युरोप-अमेरिकेच्या मार्गांवर याहून एक गोष्ट अधिक पाहावी लागते. त्या अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान् वारे वाहतात. त्यामुळें जातांना विमान रखडतें व येतांना लौकर पोंचतें. विषुववृत्त ओलांडणाऱ्या या दक्षिणोत्तर मार्गावर त्या पश्चिमवाऱ्यांचा अंमल बेताचाच असल्यानें जाण्यायेण्याच्या वेळांत मोठा फरक पडत नाहीं. जमिनीवरील मार्गांना दुसरेंही एक विघ्न असतें. २०१९ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानानें आपलें आकाश बंद केलें होतें, तेव्हां दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना वळसे घ्यावे लागले. महासागरावर असा पहारा नाहीं.

तेथें काळजी निराळी. या मार्गाचा मध्यबिंदु विषुववृत्ताच्या अगदीं जवळ, मालदीव व सेशल्स या दोन द्वीपसमूहांच्या दरम्यान येतो, आणि मालदीवचें मालें व सेशल्सचें माहें हीं दोन्ही तेथून अकराशें किलोमीटरांच्या आसपास आहेत. दोन यंत्रांच्या विमानाचें एक यंत्र बंद पडलें तर उरलेल्या एका यंत्रावर ठराविक वेळांत एखाद्या विमानतळावर पोंचतां आलें पाहिजे, असा नियम असतो, आणि मार्ग आंखतांना तो पाळला जातो. म्हणजे वरून जें अथांग निर्जन पाणी दिसतें, त्यांतही कोठें उतरतां येईल याचा विचार आधींच झालेला असतो. आजीला हें अवश्य सांगावें. तिची निम्मी काळजी यानें मिटेल.

आतां तिकिटावरच्या आंकड्यांकडे वळूं, कारण पुष्कळांचा गोंधळ तेथेंच होतो. समजा, विमान मुंबईहून सकाळीं ६ वाजतां निघालें. तें मॉरिशसला पोंचतें तेव्हां तेथील घड्याळांत साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे साडेचार तासच झाले. परत येतांना तें तेथून रात्रीं १० वाजतां निघालें तर मुंबईस पहाटे साडेपांचाला उतरतें. म्हणजे साडेसात तास! समुद्र तोच, विमान तेंच, मग हे तीन तास कोठून आले? उत्तर लीलावतींत आहे. दोन राशींची बेरीज व वजाबाकी दिली असतां त्या राशी काढण्याच्या रीतीस भास्कराचार्यांनीं 'संक्रमण' म्हटलें आहे. येथें साडेसात ही प्रवासकाल व घड्याळांतील फरक यांची बेरीज आहे, आणि साडेचार ही त्यांची वजाबाकी. दोन्ही मिळवून निम्मे केले कीं सहा तास, हा खरा प्रवास. एकांतून दुसरे वजा करून निम्मे केले कीं दीड तास, हा घड्याळांचा फरक. जेथें जाण्यायेण्याचा वेळ जवळजवळ सारखा आहे अशा कोणत्याही मार्गाला ही रीत लागू पडते.

पण दीडच तास कां? सूर्य एका अंशास चार मिनिटें घेतो. १५ अंश ११ कलांस एक तास एक मिनिट पुरे. राहिलेलीं एकोणतीस मिनिटें सूर्यानें केलेलीं नाहींत, माणसांनीं केलीं आहेत. भारताची घटिका साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते, म्हणून मुंबईचें घड्याळ मुंबईच्या सूर्याच्या सुमारें ३९ मिनिटें पुढें धांवतें. मॉरिशसची घटिका ६० रेखांशावरची, म्हणून तेथलें घड्याळ तेथल्या सूर्याच्या नऊच मिनिटें पुढें असतें. या दोन पुढाव्यांतलें अंतर म्हणजेच तीं उरलेलीं मिनिटें. वडीलधाऱ्यांना 'मुंबई टाइम' आठवत असेल; मुंबई शहरानें तो स्वतःचा सूर्यकाल १९५५ पर्यंत टिकवून धरला होता. ज्योतिषांतला देशांतर-संस्कार तो हाच.

येथपर्यंत गणित झालें. तिसरा प्रश्न माणसाचा, आणि खरी अडचण तेथें आहे. माळशिरसाहून मुंबईचा विमानतळ रस्त्यानें सुमारें तीनशें किलोमीटर. गाडीनें सात-आठ तास धरावे. विमान सुटण्यापूर्वीं तीन तास तेथें हजर राहावें लागतें. मग विमानाचे सहा तास. उतरल्यावर पारपत्र तपासणें, सामान घेणें यांत तास, आणि तेथून घरीं पोंचण्यास आणखी तास. बेरीज एकोणीस तासांची झाली. आणि विमान रोज असतेंच असें नाहीं; जागा मिळतेच असेंही नाहीं; त्या दिवशींचें विमान हुकलें तर एक-दोन दिवस सहज जातात. मला येथें वाचकांच्या मनावर बिंबवावयाचें आहे तें हें कीं तिकिटावर छापलेला वेळ हा विमानाचा वेळ आहे. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा वेळ कोणी छापून देत नाहीं, तो ज्याचा त्यानें काढावयाचा असतो, आणि तो क्वचितच दीड-दोन दिवसांहून कमी येतो.

पूर्वीं हा हिशेब कसा होता? शिडाचें जहाज सरासरीनें ताशीं पांच सागरी मैल गेलें असें धरिलें, तरी २,५३४ मैलांस एकवीस दिवस होतात. परंतु जहाजाला दोरा ताणून जातां येत नसे. हिंवाळ्यांतले ईशान्येचे वारे त्याला विषुववृत्तापर्यंत नेत, तेथें निर्वाताचा पट्टा आडवा येई, आणि त्यापुढें आग्नेयेचे वारे तोंडावर येत. घरच्यांना या सर्व काळांत कांहींच कळत नसे. गेलेला मनुष्य पोंचला कीं नाहीं, हें सांगणारें पत्रही तशाच जहाजानें परत यावयाचें. कोंकणांतल्या त्या मजुरांच्या आईबापांना मॉरिशस हें स्मृतिकारांच्या प्रत्येक व्याख्येनें देशांतर होतें : योजनांनीं, समुद्रानें, भाषेनें आणि वार्तेनें. सुशिक्षित घरांचीही स्थिति याहून फारशी वेगळी नव्हती. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला पोंचल्या. त्या अठ्ठावन्न दिवसांत बंदराबंदरांवरून टपालांत पडलेलीं पत्रें मागाहून येत तेवढ्यांवरच घरच्यांना समाधान मानावें लागे.

तरी त्या दिवसांत एक गोष्ट सम होती. वार्ता व मनुष्य एकाच जहाजानें, एकाच गतीनें प्रवास करीत. वडील गेल्याचें कळे तेव्हां त्यांचें सारें होऊन महिने लोटलेले असत. मुलगा येऊं शकला असता असें कोणाच्या मनांतही येत नसे. १८९३ मध्यें समुद्रतळाची तार झांजिबार व सेशल्समार्गें मॉरिशसला पोंचली, आणि वार्ता प्रथमच माणसापासून सुटी झाली. मजुराच्या झोंपडीला तार परवडणारी नव्हती, पण वाट खुली झाली होती. आज तर वार्तेला क्षणही लागत नाहीं. समुद्रापलीकडचा मुलगा आईचा श्वास मंदावतांना प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहूं शकतो, आणि तिच्या उशाशीं येऊन बसण्यास त्याला दोन दिवस लागतात. वार्तेचें देशांतर संपलें, माणसाचें संपलें नाहीं. या दोहोंमध्यें जी फट पडली आहे ती आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक नव्हती, आणि आजच्या घरांतलें पुष्कळसें दुःख त्या फटींत सांचतें.

अशा प्रसंगीं काय होतें तें सर्वांनीं पाहिलें आहे. 'सहा तासांचा तर प्रवास, मग अजून कसा आला नाहीं?' असें शेजारीपाजारी बोलतात. घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो थांबावें, दुसरा म्हणतो थांबूं नये. आणि जो वाटेंत आहे त्याला पुढें आयुष्यभर आपण उशीर केला असें वाटत राहातें, जरी त्यानें एक मिनिटही दवडलेलें नसतें. याला उपाय म्हणून तीन गोष्टी सुचवितों.

पहिली ही कीं परदेशीं असलेल्या प्रत्येक मुलाचा उंबरठ्याचा वेळ घरच्या वहींत लिहून ठेवावा. विमानतळापर्यंतचा रस्ता, तेथला खोळंबा, विमानाचे तास, आठवड्यांतून विमान कितीदां सुटतें तें, आणि दोन्ही घड्याळांतला फरक, हें सारें एका पानांत मावतें. सुखाच्या दिवशीं केलेलें हें गणित दुःखाच्या दिवशीं फार उपयोगीं पडतें. मुलांनींही आपलें पारपत्र चालू आहे ना, हें वेळोवेळीं पाहावें.

दुसरी गोष्ट घरांतल्या वृद्धांसाठीं आहे, आणि मीही त्यांतलाच असल्यामुळें ती सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे. आपल्या अंतकाळीं दूरच्या मुलासाठीं थांबावें कीं थांबूं नये, हें आपणच शुद्धीवर असतांना सर्वांसमक्ष सांगून ठेवावें. विषय अभद्र आहे असें म्हणून तो टाळूं नये. आपण एक वाक्य बोललों कीं मागें राहाणाऱ्यांचा वाद मिटतो, आणि दूरच्या मुलाच्या मनावरचें ओझें उतरतें. शास्त्राचा आधारही याला आहे. देशांतरीं असलेल्यानें दहा दिवसांच्या आंत ऐकलें तर उरलेले दिवस सुतक पाळावें, असें शास्त्र सांगतें. म्हणजे तो तेथें पोंचणार नाहीं हें गृहीत धरूनच ही व्यवस्था केलेली आहे. जवळच्या सपिंडानें क्रिया करावी, दूरच्यानें आहे तेथें स्नान करून सुतक धरावें. शास्त्रानें त्याला कुटुंबांतून वगळलें नाहीं, आणि त्याच्यासाठीं सारें अडवूनही धरलें नाहीं.

तिसरी गोष्ट ही कीं जें साधण्यासारखें आहे तें वेळेवर साधावें. विमानाचे सहा तास संकटांत अपुरे पडतात, पण निवांतपणीं ते पुष्कळ आहेत. आळंदीहून पंढरपूर सुमारें अडीचशें किलोमीटर. वारकरी तें सतरा-अठरा दिवसांत चालून जातो, आणि वेळ फार लागला अशी तक्रार करीत नाहीं. ज्याला जावयाचें आहे त्याला वाट लांब वाटत नाहीं. एखाद्या चांगल्या ऋतूंत, कोणी आजारी नसतांना, दूरच्या मुलानें चार दिवस येऊन जावें, किंवा प्रकृति धडधाकट असेपर्यंत आईबापांनीं एकदां त्याच्या घरीं जाऊन यावें. शेवटच्या दोन दिवसांत जें अंतर तोडतां येत नाहीं, तें आधींच्या दहा वर्षांत कितीतरी वेळां तोडतां येतें.

भास्कराचार्यांनीं पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजनें दिला आहे. त्या हिशेबानें एक योजन सुमारें आठ किलोमीटरांचें धरिलें, तर मॉरिशस मुंबईहून ५८० योजनांवर येतें. आणि ज्योतिषाचें योजन धर्मशास्त्रालाही लावलें, तर तीस योजनें म्हणणाऱ्यांच्या मतें माळशिरसकरांना प्रत्यक्ष मुंबईसुद्धां देशांतरच ठरते, कारण सरळ रेषेंत ती एकतीस योजनांहून थोडी अधिक दूर आहे! तेव्हां योजनांचा धाक बाळगण्याचें कारण नाहीं. अंतर पृथ्वीनें ठरविलें आहे व तें बदलणार नाहीं. विमानाचे तास यंत्रानें ठरविले आहेत, तेही आपल्या हातीं नाहींत. आपल्या हातीं राहातो तो उंबरठ्याचा हिशेब. तो प्रत्येक घरानें करून ठेवावा, आणि येत्या सुटींत मुलें घरीं जमतील तेव्हां त्यांच्याकडूनच तो मांडून घ्यावा. गणिताचा असा उपयुक्त पाठ त्यांना दुसरा मिळणार नाहीं.